फुकट शिकवतो म्हणून बोलायचं नाही?

पत्राचा गोषवारा : पत्रलेखक सोलापूरचे, वय ४३, एका पतसंस्थेत नोकरीला. कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळायचे. गेली पाच वर्षं पूर्व भागातल्या एका शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टवर रोज संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळेत ९ ते १५ वयाच्या मुलामुलींना विनामूल्य शिकवतात. सध्या २६ मुलं येतात. निम्मी यंत्रमाग कामगारांच्या घरातली, निम्मी जवळच्या नव्या अपार्टमेंटमधली. दिवाळीच्या सुट्टीत एका स्थानिक स्पर्धेत उपांत्य सामन्यात त्यांनी दहाच्या दहा मुलांना खेळवलं आणि संघ तीन गुणांनी हरला. एका मुलाचे वडील सगळ्यांदेखत म्हणाले, ‘फुकटात अजून काय मिळणार बे!’ मग काही पालकांनी ग्रुपवर सुचवलं की महिना ८०० रुपये फी लावा, चांगल्या दहा मुलांचा वेगळा संघ करा, बाकीच्यांना वेगळ्या दिवशी बोलवा. फी लावली तर दहा-बारा मुलं येणं बंद होईल हे पत्रलेखकांना दिसतंय. पण फुकटच्या गोष्टीला किंमत नसते, हेही त्यांना पटू लागलंय. पत्नी म्हणते, सोडून द्या. त्यांचा १२ वर्षांचा मुलगा याच संघात आहे. फी लावावी, सोडून द्यावं, की आहे तसंच चालू ठेवावं?

उत्तर :

तुमच्या पत्रात एक वाक्य थोडे शब्द बदलून पुन्हा पुन्हा आलंय : ‘मी पैसे घेत नाही, त्यामुळे मला काही बोलता येत नाही.’ मुलं उशिरा येतात, बोलता येत नाही. पालक रेषेबाहेरून ओरडून मुलांना सूचना देतात, बोलता येत नाही. एक आई गाडीतून न उतरता हॉर्न वाजवते आणि तिचा मुलगा सराव अर्धवट टाकून पळतो, तेव्हाही बोलता येत नाही. मला तुमची अडचण इथे दिसते. तुम्हाला पैसे हवेत असं पत्रात कुठेच जाणवत नाही. हवा आहे तो बोलायचा अधिकार, आणि फी लावली की तो आपोआप मिळेल अशी तुमची अपेक्षा आहे.

तसा तो मिळणार नाही. दिवाळीत ओरडलेले तेच गृहस्थ ८०० रुपये भरल्यावर गप्प बसतील का? उलट मग ते म्हणतील, पैसे मोजलेत, माझ्या मुलाला पहिल्या पाचात घ्या. आणि तेव्हा तुमच्याजवळ आजच्यापेक्षा कमी उत्तर असेल.

फुकटच्या गोष्टीला किंमत नसते हे आपण इतक्या वेळा ऐकतो की ते खरंच वाटू लागतं. पण तुम्ही सोलापूरकर आहात. संक्रांतीच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज खांद्यावर घेणाऱ्या माणसांकडे बघा. त्यांना कोणी मजुरी देत नाही. ते उंच, जड नंदीध्वज पेलण्याचा सराव यात्रेच्या कितीतरी आधी सुरू होतो, पांढरी बाराबंदी घालायची म्हणजे घालायची, आणि कुणी कुठे उभं राहायचं, कधी खांदा द्यायचा, हे ठरलेलं असतं. तिथे कोणी म्हणत नाही की फुकट करतोय म्हणून मी उशिरा आलो तरी चालेल. पैसा नसलेल्या कामाला कडक शिस्त असू शकते आणि लोक ती पाळतात, कारण ती आधीपासून सांगितलेली असते. तुमच्या कोर्टवर शिस्त आहे, पण ती तुमच्या मनात आहे. सव्वीस घरांपैकी एकाही घराला तुम्ही ती सांगितलेली नाही.

दिवाळीच्या सामन्याचंही तेच झालं. सगळ्यांना खेळवायचं हे तुम्ही ठरवलं होतं, आणि माझ्या मते बरोबरच ठरवलं होतं. पण पालकांना ते उपांत्य सामन्यात, तिसऱ्या क्वार्टरला, उंच मुलगा बाहेर बसलेला पाहून कळलं. त्या वेळी ते धोरण वाटत नाही, चूक वाटते. हेच ऑगस्टमध्ये सांगितलं असतं तर त्या गृहस्थांना राग आलाच असता, पण ‘फुकटात अजून काय’ असं म्हणायला जागा राहिली नसती.

आता खेळवण्याच्या वेळेचा हिशेब एकदा कागदावर मांडा. पूर्ण सामना दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा. कोर्टवर पाच जण, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटं. दहा मुलांत सारखी वाटली तर प्रत्येकी २०. स्थानिक स्पर्धांत वेळ कमी असतो, तिथे त्या प्रमाणात. ‘सगळ्यांना सारखं’ किंवा ‘जिंकायचं तर उरलेल्यांना बसवा’ असे दोनच मार्ग आहेत असं पत्रात धरलंय, ते खरं नाही. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये दहाही जण खेळतील, तिसऱ्यात गरजेप्रमाणे, चौथ्यात कोण खेळणार हे कोच ठरवेल, असा नियम करता येतो. ९ ते १२ च्या मुलांसाठी मी सरळ सारखी वाटणी ठेवेन, १४-१५ च्या मुलांसाठी वरचा नियम. बास्केटबॉलमध्ये बदली खेळाडूंना मर्यादा नाही, कितीही वेळा आत-बाहेर करता येतं, ही या खेळाची मोठी सोय आहे. नियम कोणताही करा, तो लेखी असू द्या आणि पहिल्या सामन्याआधी प्रत्येक घरात पोचू द्या.

चांगल्या दहांचा वेगळा संघ करण्याबद्दल मला काळजी वाटते. दहाव्या वर्षी कोण ‘चांगलं’ दिसतं? बहुतेक वेळा ज्याची उंची लवकर वाढली तो. तेराव्या-चौदाव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात, आणि तोवर आपण त्यांना ‘वेगळ्या दिवशी’ पाठवून घरी बसवलेलं असतं. शिवाय तुमच्याकडे ही चाळणी कुठे पडेल तेही बघा. आठशे रुपये परवडणारे आणि पहिले दहा, या दोन याद्या एकत्र आल्या की कोर्टवर कोणती मुलं उरतील, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय.

तरी पालकांच्या सूचनेत एक खरी तक्रार दडलेली आहे, ती सोडू नका. सव्वीस मुलं आणि एक कोर्ट म्हटल्यावर पाच विरुद्ध पाच खेळताना सोळा जण बसून राहतात. त्यावर उपाय आहे. तीन विरुद्ध तीन खेळवा. हा आता रीतसर खेळप्रकार आहे, टोकियो ऑलिंपिकपासून त्याला पदकं आहेत. अर्धं कोर्ट, एक रिंग, दहा मिनिटं किंवा आधी २१ गुण करणारा जिंकला. दोन्ही टोकांना एकाच वेळी दोन सामने, म्हणजे बारा मुलं खेळतायत, आणि दर दहा मिनिटांनी पाळी बदलते. तिघांच्या संघात लपायला जागा नसते. पाचांत जो मुलगा कोपऱ्यात उभा राहून सामना काढतो, त्याच्याही हातात इथे चेंडू येतोच.

आणि लहानांना मोठ्यांच्या रिंगवर खेळवू नका. ३.०५ मीटरवरच्या रिंगपर्यंत नऊ वर्षांचं पोर मोठ्यांचा ७ नंबरचा चेंडू कसं पोचवतं, ते एकदा नीट पाहा. दोन्ही हातांनी चेंडू कमरेपाशी नेतं, अख्खं अंग मागे वाकवतं आणि भिरकावतं. ही सवय एकदा अंगात मुरली की काढायला वर्षं जातात. मिनी बास्केटबॉलमध्ये बारा वर्षांपर्यंत ५ नंबरचा चेंडू आणि २.६० मीटरवर, म्हणजे सुमारे साडेआठ फुटांवर, रिंग असते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी रिंग करून घ्या आणि शाळेला विचारून कंपाउंडच्या भिंतीला त्या उंचीवर बसवा. चेंडू पडायला लागला की मुलांचे चेहरे बघा. मोठ्या मुलींसाठी ६ नंबरचा एखादा चेंडूही हवा.

मुलं नियमित येत नाहीत, त्यांना गांभीर्य नाही, असं तुम्ही लिहिता. हे गृहीतही तपासून पाहा. महिनाभर हजेरी मांडा आणि गैरहजेरीसमोर कारण लिहा, जे मूल सांगेल ते, त्याच्याच शब्दांत. मला दाट शंका आहे की हजेरीतली बरीच रिकामी घरं नळाला पाणी येण्याच्या दिवशी सापडतील. काही दिवसांआड एकदा पाणी येतं, आई-वडील दोघंही कामावर असतात, तर घागरी, पिंप, बॅरल कोण भरणार? तुमच्या संघातली अकरा-बारा वर्षांची मुलंच. काही मुली आईबरोबर विड्यांची पानं कापायला बसत असतील. मार्कंडेय रथोत्सवाच्या, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत कोर्ट ओस पडणारच, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. अपार्टमेंटच्या मुलांची कारणं वेगळी निघतील, बहुतेक शिकवण्या. एकदा कारण कळलं की वेळापत्रक बदलता येतं. वेगवेगळ्या वस्त्यांत पाणी वेगवेगळ्या दिवशी येतं, त्यामुळे सगळ्यांसाठी एक दिवस सुट्टी देऊन भागणार नाही. पण ‘पाण्याच्या दिवशी उशिरा आलात तरी चालेल, पण या’ एवढा निरोप पुरेसा होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीपार जातो, सिमेंट संध्याकाळी सहालाही तापलेलं असतं. ते दोन महिने सराव सकाळी सहाला घ्या.

आता पैशांचं. फी घेणं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. कोचिंगवर घर चालवणारी माणसं आहेत आणि त्यांनी घ्यावीच. पण तुमच्याकडे घर चालवायला नोकरी आहे आणि कोर्ट दुसऱ्याचं आहे. शाळेने मैदान कोणत्या बोलीवर दिलंय ते आठवा. मोफत वर्ग म्हणून दिलं असेल तर फी सुरू केल्या दिवशी संस्था भाडं मागू शकते किंवा परवानगी काढून घेऊ शकते, आणि तो तिचा हक्क आहे.

खर्च मात्र आहेत, आणि पत्रावरून दिसतं की ते सगळे तुमच्या खिशातून जातात. चेंडू, जाळ्या, स्पर्धेची प्रवेश फी, गेल्या वर्षीचे टी-शर्ट. हे थांबवा. यात तुमचा मोठेपणा असला तरी पालकांना आपली जबाबदारी कळत नाही ती यामुळेच. वर्षाचा खर्च किती येतो ते कागदावर मांडा आणि सभेत वाचून दाखवा. सामायिक निधी करा, ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं द्यावं. रक्कम तुमच्याकडे ठेवू नका. दोन पालकांनी सांभाळावी, एक अपार्टमेंटमधला, एक चाळीतला, आणि दर महिन्याला जमाखर्च ग्रुपवर टाकावा. कोणी किती दिले ते टाकू नये. ज्यांना पैसे देणं शक्य नाही त्यांच्याकडे देण्यासारखं दुसरं खूप असतं. सोलापुरात गणवेश शिवणारे इतके कारखाने आहेत की सव्वीस घरांपैकी एखाद्या घरात शिलाईकाम करणारं कोणीतरी निघेलच. कुणी कोर्टच्या रेषा रंगवेल, कुणी स्पर्धेला मुलं नेईल-आणेल. मागा, आणि संकोच न करता मागा. आजवर कुणी काही दिलं नाही अशी तुमची खंत आहे, पण पत्रभर शोधूनही तुम्ही कुणाकडे काही मागितल्याचं मला आढळलं नाही.

क्रीडागुणांचा उल्लेख एका पालकांनी ग्रुपवर केलाय, त्याचाही खुलासा सभेत करून टाका. दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे गुण अधिकृत स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतात, गल्लीतल्या चषकावर नाही. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटात होतात आणि मूल तिथे आपल्या शाळेकडून उतरतं. तेव्हा दिवाळीची ती उपांत्य फेरी हरल्यामुळे कोणाचं दहावीचं नुकसान झालेलं नाही. ज्यांना पुढे जायचंय त्यांच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना तुम्ही स्वतः भेटा.

तुमच्या मुलाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत : ‘पक्षपात दिसू नये म्हणून त्याला सगळ्यात कमी खेळवतो.’ मला ती ओळ सगळ्या पत्रात सर्वात जास्त लागली. बारा वर्षांच्या मुलाला यातून एवढंच कळतं की बाबांचा मुलगा असणं ही शिक्षा आहे. लोकांच्या तोंडाला कुलूप लावायची किंमत त्याने का मोजावी? आणि त्याने ती मोजूनही लोक बोललेच की. त्याला नियमाप्रमाणे जेवढी मिनिटं मिळतात तेवढी मिळाली पाहिजेत, एकही कमी नाही. शेवटच्या क्वार्टरमध्ये तो आत की बाहेर, हे ठरवायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या, म्हणजे तुमच्या मनावरचा ताणही जाईल. आणि त्याला विचारा. कोर्टवर नाही, घरीही जेवताना सगळ्यांसमोर नाही, दोघंच कुठेतरी जात असताना. त्याला या संघात राहायचंय का, की बाबा दुसऱ्यांचे कोच असलेले चालतील पण आपले नकोत? जे उत्तर येईल ते मान्य करा. गाडीवरून घरी जाताना सामन्याबद्दल बोलणं त्याने काढलं तरच.

दुसरं माणूस तुम्हाला इतर कारणांसाठीही हवंय. मुलामुलींचा सराव आहे, अंधार लवकर पडतो, आणि मोठं माणूस एकटे तुम्हीच. तुमच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही, तरी हे बदला. प्रत्येक सरावाला किमान आणखी एक प्रौढ व्यक्ती, जमल्यास बाई, कोर्टवर हवी. पालक पाळीपाळीने थांबू शकतात. कोणत्याही मुलाला एकट्याला गाडीवरून सोडू नका, मुलांना स्वतंत्र मेसेज करू नका, जे कळवायचं ते पालकांच्या ग्रुपवर. एखाद्या मुलाने घरी किंवा बाहेर त्रास होत असल्याचं सांगितलं तर शांतपणे ऐकून घ्या. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ते ‘घरातलं प्रकरण’ म्हणून दाबता येत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असू द्या. प्रत्येक पालकाकडून एक साधं संमतीपत्र घ्या, त्यात तातडीचा फोन नंबर आणि दमा, फिट, ॲलर्जी असं काही असेल तर ती नोंद. घोटा मुरगळला की लगेच चोळून पुन्हा खेळायला उतरवण्याची पद्धत बंद करा. बर्फ लावा, पाय उंचावर ठेवा, त्या दिवशी खेळ नाही. पाय टेकताच येत नसेल तर डॉक्टर.

त्या गृहस्थांना ग्रुपवर उत्तर देऊ नका. दिलंही नाहीत, चांगलं केलंत. त्यांच्या घरी जा. त्यांचा मुलगा काय चांगलं करतो ते आधी सांगा, आणि ते खरं असू द्या. मग सांगा की सगळ्यांदेखत तसं बोललेलं मला लागलं, आणि तुमच्या मुलानेही ते ऐकलं. पुढचा नियम त्यांनाच पहिल्यांदा ऐकवा : सामना चालू असताना रेषेबाहेरून सूचना नाहीत, सामन्याच्या दिवशी तक्रार नाही, दुसऱ्या दिवशी फोन करा, मी पूर्ण ऐकून घेईन. माफी मागतील न मागतील. पण जो बाप तीन गुणांसाठी एवढा तळमळतो, तो स्कोअरशीट लिहायला तयार होण्याची शक्यता मला बरीच वाटते. टेबलावर बसला की ओरडता येत नाही, आणि कोण किती मिनिटं खेळलं ते त्याच्याच हाताने लिहिलं जातं.

राहिल्या तुमच्या पत्नी. ‘सोडून द्या’ असं त्या कोर्टबद्दल म्हणतायत की आठवड्याच्या सहा संध्याकाळींबद्दल, हे त्यांना विचारलंत का? पाच वर्षं रोज दीड तास, शिवाय रविवारचे सामने, हा वेळ घराचाही होता. सहाचे चार दिवस करा. त्यातला एक दिवस पंधरा वर्षांच्या मुलांनी लहानांना शिकवावं, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. तुमच्या जुन्या संघातले दोघं-तिघं अजून सोलापुरात असतील, त्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ मागा. आणि हे सगळं करूनही जीव रमत नसेल तर सोडायलाही हरकत नाही. फक्त दिवाळीच्या अपमानावर सोडू नका. एप्रिलमध्ये, शाळेचं वर्ष संपताना, चेंडू, हजेरीचं रजिस्टर आणि निधीची वही कोणाच्या तरी हाती देऊन सोडा.

त्या आधी सभा घ्या, येत्या पंधरा दिवसांत, कोर्टवरच, रात्री साडेआठला, म्हणजे दिवसपाळी संपवून येणाऱ्यांनाही जमेल. तुमच्याकडे तेलुगू बोलणारी घरंही असतील, तेव्हा निरोप मराठीबरोबर तेलुगूतही जाऊ द्या. लिहून देणारं एखादं मूल संघातच असेल. ग्रुपवर नसलेल्या घरांत मुलांच्या हाती चिठ्ठी पाठवा, कारण आठशे रुपयांची चर्चा झाली तेव्हा ज्यांच्यावर परिणाम होणार होता त्यांच्यापैकी किती जण त्या ग्रुपवर होते, याची मला शंका आहे.

पुढच्या दिवाळीला त्याच स्पर्धेत नाव द्यायचं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. द्या. एका संघात बारा नावं देता येतात आणि तुमची मुलं सव्वीस, तेव्हा वयोगटात बसणाऱ्यांचे दोन संघ द्या, दोन्हींत उंच-बुटके, जुने-नवे सारखे वाटून. एका संघाजवळ तुम्ही उभे राहा, दुसऱ्याजवळ तुमच्या जुन्या मित्रांपैकी कोणीतरी, आणि तुमचा मुलगा त्या दुसऱ्या संघात.